ते नको

फोन आला तेव्हा माझ्या हातात खिचडीचा डाव होता. मधली सुट्टी, पोरं ताटल्या घेऊन ओळीत उभी, आणि मदतनीस ताई नेमक्या त्याच दिवशी रजेवर. फोन दोनदा वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पाचवीतल्या एकीकडं डाव सोपवला आणि ओट्याच्या कडेला सरकले. भाची होती, शिक्षिकेच्या नोकरीसाठी शाळा निवडायला साताऱ्याला गेलेली. आवाज दबलेला, मागं माईकवरून कुणाची तरी नावं पुकारत होते. "मावशी, माझ्या पुढं तिघीच राहिल्यात. आपल्या बाजूची सगळी गेली गं. आता त्यातल्या त्यात बरं म्हणजे एक माणमधलं आहे, एक ढेबेवाडीच्या वर, आणि एक बामणोलीच्या पलीकडचं. ते तुझंच ना? तू होतीस ना तिथं? कसं आहे?"

"ते नको," मी म्हणाले.

ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर माणमधल्या गावाचं नाव आलं आणि पुढं हात जोडलेली तीन चित्रं. मी पुन्हा डाव हातात घेतला. शेवटच्या दोघा पोरांच्या वाट्याला तळाची, जरा करपलेली खिचडी आली. त्यांनी ती काही न बोलता खाल्ली. शेवटी उभं राहणाऱ्यांना त्याची सवय असते. संध्याकाळी बहिणीकडं पेढे, फोनवर फोन, 'माण तर माण, डांबरी रस्ता आहे, स्कूटी जाते' असा आनंद. मीही त्यात होते. रात्री सगळं आवरून दिवा घालवला आणि तेव्हा ते दोन शब्द परत ऐकू आले. ते नको. ज्या गावानं मला चार वर्षं सांभाळलं, ज्याच्या गोष्टी मी प्रत्येक शिक्षक दिनाला रंगवून सांगत आले, त्याला 'नको' म्हणायला मला एक श्वाससुद्धा घ्यावा लागला नव्हता.

गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. आधीच त्याला पुष्कळ जणांनी 'नको' म्हटलंय.

भाची तिथवर कशी पोचली ते सगळं मी जवळून पाहिलं होतं. डीएड झालं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा निघाली, मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० मार्कांची, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. पहिली चाचणी झाली २०१७ च्या डिसेंबरात आणि त्यानंतरची थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चात. मधल्या पाच वर्षांत तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली, एकीचं पोरगं पहिलीत गेलं, एकीनं कराडला ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. ही एका खाजगी शाळेत महिना साडेचार हजारांवर राबत होती आणि रात्री मालिका-पूर्ती सोडवत होती. मग शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल. त्याचं नाव 'पवित्र'. इतकं नाव ठेवायची गरज पडली यातच सगळं आलं म्हणा, पण खोटं कशाला बोला, त्याआधी संस्थेत चिकटायचं म्हणजे शेताचा तुकडा विकायची भाषा व्हायची. निदान ते तरी हिच्या वाट्याला आलं नाही. मुलाखतीशिवायची पदं, मुलाखतीसहची पदं, कुठला जिल्हा आधी, कुठला नंतर, माध्यम, प्रवर्ग, पसंतीक्रम लॉक करायची शेवटची रात्र, सर्व्हर बंद. बहीण म्हणायची, "लग्न जुळवायला एवढे रकाने नसतात." यादीत नाव आलं त्या दिवशी मात्र तीच बहीण देवापुढं बसून रडली. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, मानधन १६,००० रुपये. २०२३ च्या आधी ते ६,००० होतं, त्यामुळं या तुकडीला स्वतःचं नशीब थोरच वाटत होतं.

जिल्हा मिळाला तरी शाळा मिळालेली नसते. ती मिळते समुपदेशनात. हा शब्द ऐकला की मला वाटायचं, कुणीतरी समोर बसवून प्रेमानं चार गोष्टी समजावून सांगत असेल. तसं काही नसतं. मोठं सभागृह, पुढं पडदा, पडद्यावर तक्ता. तालुका, केंद्र, शाळा, मंजूर पदं, कार्यरत, रिक्त. गुणवत्तेच्या क्रमानं नाव पुकारायचं, उठायचं, माईकपाशी जाऊन गाव सांगायचं, की पडद्यावरची ती ओळ पिवळी होते आणि मागच्या दोनशे जणांच्या पोटात गोळा येतो. सुरुवातीला एक भाषण झालं म्हणे. ज्या जिल्ह्यात सावित्रीबाईंचं नायगाव आहे, ज्या जिल्ह्यात कर्मवीरांनी १९१९ साली काले गावात रयतचं रोपटं लावलं, त्या जिल्ह्यात आपण रुजू होताय, वगैरे. टाळ्या झाल्या. मग पडदा उजळला आणि जो तो हायवे कुठून जातो ते बघायला लागला. भाची सांगत होती, पहिल्या अर्ध्या तासात खंडाळा, वाई, कोरेगाव, कराडच्या सगळ्या ओळी पिवळ्याधमक झाल्या. मग फलटण. मग सातारा तालुक्याचा परळीकडचा भाग. दुपारपर्यंत पडद्यावर जे पांढरं राहिलं ते सगळं एकतर दुष्काळातलं होतं नाहीतर धुवांधार पावसातलं. आमच्या जिल्ह्याला अधलंमधलं फारसं येतच नाही.

सभागृहाच्या बाहेर दुसरंच समुपदेशन चालू असतं. झाडाखाली वडील, मामा, भाऊ, चुलते, प्रत्येकाच्या कानाला फोन. 'ते घेऊ नको, पुलावर पाणी येतं.' 'ते घे, माझा साडू तिथं ग्रामसेवक होता.' कुणी बाइकवरून आदल्याच दिवशी चार गावं फिरून आलेला. आणि त्यांच्यापासून जरा लांब, पाठीवर सॅक घेतलेली, रात्रभर एसटीत बसून आल्यामुळं डोळे तांबारलेली मराठवाड्याकडची पोरं. त्यांना ना साडू, ना मावशी. भाचीच्या मागं बसलेल्या एका पोरानं तिला विचारलं, "मॅडम, जावळी म्हणजे कोणत्या साईडला येतं?" तिनं हातानं दाखवलं, पश्चिमेला. त्यानं फोनवर नकाशा काढला तर सगळा हिरवा आणि निळा. "छान दिसतंय की," तो म्हणाला. ती हे मला हसत सांगत होती आणि मी हसले नाही. कारण माझा 'नको' हा नुसता शब्द नव्हता, तो तिच्या आणि त्या पोराच्या मार्कांमध्ये पडलेला फरक होता. कुठल्याही चाचणीत न मोजला जाणारा.

आता यात आमच्यासारख्यांचा हात किती, तेही सांगून टाकते. नव्या लोकांपुढं येते ती यादी आम्ही जुन्यांनी खाऊन उरलेली असते. २७ फेब्रुवारी २०१७ चा बदल्यांचा शासननिर्णय आला तेव्हापासून आम्हा गुरुजनांच्या बोलण्यात मुलांपेक्षा 'संवर्ग' जास्त येतात. संवर्ग एक म्हणजे आजारी, दिव्यांग, विधवा, आणि वयाची ५३ वर्षं ओलांडलेले. संवर्ग दोन पती-पत्नी, दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असलं तर. मग तेवढं अंतर भरावं म्हणून कुठल्या रस्त्यानं मोजायचं यावर भर संध्याकाळी चहाच्या टपरीवर वाद. २९ भरलं तर संसार लांब, ३१ भरलं तर जवळ, असा उलटा हिशेब जगात दुसरीकडं नसेल. संवर्ग तीन म्हणजे अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेले, त्यांना बदलीचा अधिकार. चार म्हणजे उरलेले. सोप्या भागात सगळ्यांनीच गर्दी करू नये म्हणून काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवतात, त्याला समानीकरण म्हणतात. तरीही घाटाखालच्या, पाण्यापलीकडच्या ओळी शेवटपर्यंत पांढऱ्या राहतात. माझीच ५३ वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी मी संवर्ग एकमधून फॉर्म भरला आणि साताऱ्यापासून बसनं वीस मिनिटांवर आले. गुडघे दुखतात हे खरंच आहे. पण भरताना गुडघ्यांपेक्षा घर जास्त आठवत होतं.

माझा स्वतःचा आदेश आला होता टपालानं, १९९१ साली. खाकी पाकीट, सायक्लोस्टाइल केलेला कागद, गावाचं नाव तेवढं शाईनं भरलेलं. वेतनश्रेणी १२०० ते २०४०. पसंती वगैरे कुणी विचारली नव्हती आणि विचारायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, काळी जमीन, घेवडा आणि आलं. वडिलांनी ते नाव वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. तलाठ्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं. शेवटी बाजारात एक मध विकणारा भेटला, तो म्हणाला, "बामनोलीला उतरायचं आन् लाँचमंदी बसायचं." लाँच हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. आईनं दशम्या बांधल्या, वडिलांनी साताऱ्याच्या बाजारातून पितळी स्टोव्ह घेतला, पंपाचा, सोबत दोन पिना आणि एक जादा वॉशर. "जेवणाची आबाळ करायची नाही," एवढंच बोलले. त्यांच्या दृष्टीनं मी नोकरीला नाही, समुद्रापलीकडं निघाले होते.

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून एसटी निघाली तेव्हा खिडकीबाहेर नुसतं धुकं. आता तिथं फुलं बघायला तिकीट काढून रांगा लागतात. तेव्हा मला वाटलं, या गाडीला पुढं गावच नाहीये. बामणोलीला उतरलो तर समोर पाणी. कोयनेचं अडलेलं पाणी, शिवसागर. त्याला लाटा नव्हत्या आणि पलीकडचा काठही धड दिसत नव्हता. लाँचमध्ये दोन बायका, तांदळाचं पोतं, एक करडू आणि आम्ही बापलेक. वडिलांनी सबंध वेळ एका हातानं माझा दंड आणि दुसऱ्यानं स्टोव्हची पिशवी घट्ट धरली होती. उतरल्यावर चढण. लाल माती, करवंदीच्या जाळ्या, आणि वर पंचवीसेक घरं डोंगराला चिकटून बसलेली. शाळा देवळात. देवळाची किल्ली ज्यांच्याकडं त्या काकी शेतावर गेलेल्या. त्या आल्या, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि वडिलांना विचारलं, "हिला पाठवताव व्हय? न्हायी टिकायची." त्याच काकींच्या पडवीत मी चार वर्षं राहिले.

जून लागला आणि मला कळलं की पावसाचा आवाज थांबू शकतो हे विसरायला आठ दिवस पुरतात. त्या भागातल्या काही शाळांना मे महिन्याऐवजी पावसाळ्यात सुट्टी द्यायची पद्धत आहे ती उगाच नाही. भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. खडू फळ्यावर न उमटता घसरायचा, हजेरीचं पान पानाला चिकटायचं, चादरीला कुबट वास. पोरं इरली पांघरून यायची, दारात इरली उलटी ठेवायची, मग पायाच्या बोटांमधून जळवा काढायचा कार्यक्रम. माझ्या टेबलावर खडूच्या डबीशेजारी मिठाची डबी असायची. जळवेवर मीठ पडलं की ती गोळा होऊन गळून पडते, मग बारीक रक्ताची धार, मग आम्ही 'सत्यं शिवं सुंदरा' म्हणायचो. घरं होती ती सगळी मुळात खाली, नदीकाठाला. धरणाचं पाणी चढलं तसे लोक वर सरकले. मे महिन्यात पाणी खाली जायचं तेव्हा जुने बांध, चौथऱ्यांचे दगड उघडे पडायचे, आणि काकी मला काठावर उभं करून सांगायच्या, "ते बग, थितं माझं सासर." सासर पाण्याखाली आणि नवरा मुंबईला माथाडीत. घराघरात तेच. गावात म्हातारे, बाया आणि माझी एकोणीस पोरं. पटावर एकोणीस, त्यातली सहा जणं नाचणीच्या काढणीला गायब.

चार इयत्ता, एक फळा, एक मी. डीएडला असताना मला मराठी शिकवायचं होतं. कविता चालीत म्हणता यायच्या, निबंध छान व्हायचा, आमच्या बाई म्हणायच्या तू भाषेतच जा. तिथं गेल्यावर कळलं, भाषेत जायचं म्हणजे चौथीला गुणाकार घालून तिसरीचं शुद्धलेखन तपासत पहिलीच्या पोराचं नाक पुसायचं. पुढं मोठ्या शाळेत बदली झाली तेव्हाही मला गणितच आलं. कारण मी शेवटी हजर झाले, आणि वेळापत्रकात तेवढंच उरलेलं होतं. आता सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र असे वेगवेगळे पदवीधर शिक्षक असतात, निदान कागदावर तरी. माझं गणित वाईट नव्हतं, पण मला अपूर्णांक आवडतात असं सातवीला पटवून देताना मी जे काही बोलायचे त्याची मला अजून लाज वाटते. माझी एक मैत्रीण सांगली जिल्ह्यात लागली, जतच्या पूर्वेला. शाळा मराठी, घराघरात मात्र कानडी. पहिल्या दिवशी तिनं बाराखडी सुरू केली आणि पोरं नुसती तिच्या तोंडाकडं बघत बसली. शेवटी एका म्हातारीनं दारातून विचारलं, "ऊटा आत?" ही घाबरून 'हो' म्हणाली. जेवलीस का असं तिनं विचारलं होतं. ही सकाळपासून उपाशी. तिनं पत्रात लिहिलं होतं, 'पहिला शब्द चुकीच्या उत्तरासकट शिकले.' आम्ही दोघी एकमेकींना पत्रं लिहायचो, त्यात दर पत्रात एक वाक्य ठरलेलं असायचं: बदलीचं काही कळलं का?

हे शिक्षक दिनाच्या भाषणात मी कधी सांगत नाही.

तिथं मी रमले, हे खरं आहे. दुसऱ्या वर्षापासून मी बदलीसाठी अर्ज करत होते, हेही खरं आहे. काकी खेकड्यांचा रस्सा करून वाढायच्या, वरीचा भात, वर तुपाची धार, आणि मी जेवून उठून कंदिलाच्या उजेडात 'विनंती अर्ज' लिहायचे. वडिलांची प्रकृती, आईची प्रकृती, माझी प्रकृती. सगळ्यांच्या प्रकृती मी आळीपाळीनं बिघडवल्या. एका पोराला पाचवीला बाहेर घालायचं म्हणून त्याच्या आजीशी भांडले, तो पुढं आश्रमशाळेत गेला. आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या कचेरीत एका बाबूसमोर तासभर उभी राहिले, माझ्या अर्जाचं काय झालं म्हणून. एक खरं आणि दुसरं नाटक असं नव्हतं. दोन्ही मीच करत होते.

आदेश आला चौथ्या वर्षी, शुक्रवारी. केंद्राच्या बैठकीला गेले होते तिथंच हातात मिळाला. सोमवारी नव्या शाळेत हजर व्हायचं. शनिवारी सकाळची शाळा घेतली. ठरवलं होतं की सुटताना सांगू. सुटताना पोरांनी पसायदान म्हटलं आणि माझं तोंड उघडेना. लाँचपर्यंत आठ-दहा पोरं आली, नेहमीच यायची. सामान घेतलं नाही, कारण वळकटी आणि ट्रंक घेऊन निघाले असते तर विचारलं असतं. काकींनी पिशवीत करवंदं घातली. दुसरीतली एक पोरगी, समोरचे दोन्ही दात पडलेले, तिनं विचारलं, "बाई, कवा येनार?" मी म्हणाले, "सोमवारी."

लाँच निघाली. पोरं काठाकाठानं थोडी पळाली आणि मग वळली.

नव्या गावात रुजू झाल्यावर महिन्याभरानं साताऱ्याच्या स्टँडवरून निरोप आला, कंडक्टरकडं तुमचं सामान आलंय. वळकटी, ट्रंक, आणि पोत्यात बांधलेला स्टोव्ह. तो मी तिथं काळाकुट्ट करून ठेवला होता. आला तो चिंच लावून घासलेला, पितळ चमकत होतं. टाकीत हलवून बघितलं तर रॉकेल अर्ध्याच्या वर. गावात तेव्हा रॉकेलसाठी बाया लाँचनं पलीकडं जाऊन रेशनच्या रांगेत उभ्या राहायच्या. पोत्याच्या तळाशी शेरभर वरी, फडक्यात बांधलेली. चिठ्ठी नव्हती. काकींना लिहिता येत नव्हतं, पण एकोणीस पोरं होती आणि त्यातल्या निदान अकरा जणांना मी स्वतः लिहायला शिकवलं होतं. कुणीच काही लिहिलं नव्हतं. तो स्टोव्ह मी पुढं कित्येक वर्षं वापरला, गॅस आल्यावर माळ्यावर टाकला. मोडीत द्यायचा विषय निघाला की मी काहीतरी कारण काढते.

परत मी गेले नाही. आधी जमलं नाही आणि मग तोंड राहिलं नाही. आता त्याच पाण्याच्या काठावर तंबू लागलेत, पुण्या-मुंबईची माणसं एका रात्रीचे पैसे मोजून शेकोटीभोवती बसतात आणि रेंज नाही म्हणून खूश होतात. माझी मुलगीच मागं म्हणाली, "आई, तुझ्या त्या साइडला जाऊया ना वीकेंडला." मी म्हटलं, बघू.

तर ते गाव शेवटी त्या नकाशा बघणाऱ्या पोराकडं गेलं. भाचीनंच सांगितलं, त्यांच्या बॅचचा ग्रुप आहे. परभणीकडचा आहे. त्याचं नाव पुकारलं तेव्हा पडद्यावर चार ओळी उरल्या होत्या. मी आठ दिवस काढले आणि मग भाचीकडून त्याचा नंबर घेतला. फोन लागेना. मेसेज टाकला, लांबलचक, यादीसारखा. मीठ जवळ ठेवा. दोन जोड चपला, एक ओली होणारच. औषधं आधीच नेऊन ठेवा. लाँचवाल्याशी गोडीत राहा. दोन दिवसांनी त्याच्या खुणा निळ्या झाल्या आणि उत्तर आलं, 'ओके मॅडम, थँक यू.' झालं, म्हटलं, आपलं काम संपलं.

श्रावणात एका रविवारी त्याचा स्वतःहून फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता. रेंजसाठी वरच्या सड्यावर चढून आलोय म्हणाला. बोलका पोरगा आहे. शाळेला आता दोन खोल्यांची इमारत आहे, सोलर आहे, टीव्हीसुद्धा आहे पण तो पावसात बंद पडलाय. पट चार. चारातले दोघं सख्खे भाऊ, दिवाळीनंतर ते कोपरखैरणेला बापाकडं जायचं म्हणतायत, मग राहिले दोन. "मग मॅडम, शाळाच राहती का नाही काय माहीत." काकींचं घर मी खुणेनं विचारलं, देवळाच्या डाव्या अंगाला, पडवीत दगडी जातं. कुलूप आहे म्हणाला. जातं आहे अजून. मी पुढं विचारलं नाही. त्याला एक शंका होती म्हणून त्यानं फोन केला होता. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो ना? आणि ती तीन वर्षं कशी धरतात? मी त्याला सगळं नीट समजावलं. कुठला कागद जपून ठेवायचा, सेवापुस्तकात नोंद कधी करून घ्यायची, पसंतीक्रम भरताना काय चूक होते. अर्धा तास. या विषयात मला कुणी हरवू शकत नाही.

"आणि मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "फॉर्म भरला की गावात सांगायचं असतं का? म्हणजे पोरांना वगैरे. का ऑर्डर आल्यावरच सांगायचं?"

मी माळ्याकडं बघितलं. म्हणाले, "सांग. आणि जाताना स्टोव्ह घेऊन जा."

"स्टोव्ह? मॅडम, माझ्याकडं गॅस आहे," तो म्हणाला.